अंटार्क्टिकातला आलिशान कॅम्प : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

अंटार्क्टिकाला जाऊन आले म्हटलं की पहिला प्रश्न थंडीचा येतो, दुसरा पैशांचा आणि तिसरा, जरा आवाज खाली करून, संडासाचा. तिन्हींची उत्तरं पुढे आहेत. त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. या कॅम्पवरचा खिळा, कांदा, उशी आणि डिझेलचा थेंब हे सगळं हजारो किलोमीटरवरून विमानाने किंवा जहाजाने आलेलं असतं, आणि जे उरतं, सांडतं, खराब होतं ते तसंच परत न्यावं लागतं. हे एकदा कळलं की तिथले निम्मे नियम कुणी सांगावे लागत नाहीत.

नकाशा आधी बघा

अंटार्क्टिकाला जाणारे बहुतेक पर्यटक अर्जेंटिनातल्या उशुआयाहून बोटीने द्वीपकल्पाकडे जातात. रोज किनाऱ्यावर उतरायचं आणि झोपायला बोटीवर परतायचं. हा लेख त्या सहलीबद्दल नाही. इथे आपण केपटाऊनहून विमानाने थेट खंडावर उतरून तिथेच मुक्काम करण्याबद्दल बोलतोय. चिलीच्या पुंता अरेनासहूनही असे कॅम्प गाठता येतात. युनियन ग्लेशियरचा कॅम्प त्यातला मोठा. मला माहिती आहे ती केपटाऊनच्या बाजूची, म्हणून तेवढंच सांगते.

केपटाऊनपासून दक्षिणेला सुमारे ४००० किलोमीटरवर, क्वीन मॉड लँडच्या बर्फात, शिरमाकर ओअॅसिस नावाचा उघड्या खडकाचा एक चिंचोळा पट्टा आहे. क्षेत्रफळ जेमतेम ३५ चौरस किलोमीटर, पण त्यात शंभरावर लहानमोठी तळी. 'व्हाइट डेझर्ट' या कंपनीचा 'व्हिचअवे' कॅम्प याच पट्ट्यात, एका तळ्याच्या काठी आहे. फायबरग्लासचे सहा झोपायचे घुमट, पाहुणे फार तर बारा. त्याच पट्ट्यात भारताचं 'मैत्री' संशोधन केंद्र १९८९ पासून सुरू आहे. त्याच्या शेजारच्या तळ्याचं नाव प्रियदर्शिनी. चार-पाच किलोमीटरवर रशियाचं नोव्होलाझारेव्हस्काया. भारताची पहिली मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली होती, डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली, आणि ९ जानेवारी १९८२ ला बर्फावर उतरली. आजही या सगळ्याचा कारभार वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्रातून चालतो. म्हणजे जगाच्या टोकाला जाऊन शेजारी आपलेच निघतात. फक्त 'आलोच आहे तर डोकावू' असं तिथे होत नाही. ते काम करणाऱ्यांचं ठिकाण आहे, आगाऊ परवानगीशिवाय जाता येत नाही.

तारीख कशावरून ठरवायची

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीची सुरुवात, एवढाच. एम्परर पेंग्विनची पिल्लं बघायची असतील तर नोव्हेंबर किंवा डिसेंबरची सुरुवात गाठा. पिल्लं जुलै-ऑगस्टात अंड्यातून बाहेर येतात आणि डिसेंबर-जानेवारीत पिसं बदलून समुद्रात निघून जातात. जानेवारीत जाऊन 'पेंग्विन कुठायत?' विचारणं म्हणजे जुलैत हापूस मागणं.

पेंग्विनपेक्षा चालणं, चढणं, बर्फातल्या गुहा यांची ओढ असेल तर डिसेंबरचा उत्तरार्ध आणि जानेवारी बरे. शिरमाकरला तेव्हा दिवसाचं तापमान शून्याच्या आसपास ते उणे दहा असतं, नोव्हेंबरात त्याहून बरंच खाली. आकड्यापेक्षा वाऱ्याची चौकशी करा. पठारावरची गार, जड हवा घाटातून पावसाचं पाणी उतरावं तशी उताराने खाली घसरत येते. याला कॅटाबॅटिक वारा म्हणतात. ऊन लख्ख आणि आकाश निळंशार असतानाही तो सुटतो. वारा नसताना उणे पाचात मी नुसत्या स्वेटरवर चहा प्यायले आहे, आणि वाऱ्यात त्याच उणे पाचाने दहा मिनिटांत ओठ हलेनासे झाले.

पैसे आणि कागद

आठवडाभराच्या मुक्कामाचा खर्च माणशी पाच आकडी डॉलरांत जातो, तोही त्या आकड्यांच्या वरच्या टोकाला. पेंग्विन आणि ध्रुव अशी दोन्ही उड्डाणं घेतली तर आणखी. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली, एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. त्यावर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला जातो, तो विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. बुकिंगचे हप्ते मार्च-एप्रिलच्या सीमेवर येत असतील तर आधी तुमच्या सीएशी बोला.

अंटार्क्टिकाचा व्हिसा नसतो, कारण तो कुणाचा देश नाही. १९५९ च्या अंटार्क्टिक कराराने तिथले सगळे दावे गोठवून ठेवले आहेत. परवाना मात्र लागतो, आणि तो कंपनीने आपल्या देशाकडून घेतलेला असतो. भारताचाही २०२२ चा अंटार्क्टिक कायदा आहे. त्यामुळे तुमचं नाव कुठल्या देशाच्या परवान्याखाली जातंय ते कंपनीकडून लेखी मागून घ्या. चांगली कंपनी हा प्रश्न ऐकून खूश होते.

दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा काढताना एक खाच ध्यानात ठेवा. बर्फावरून परतताना तुम्ही त्या देशात दुसऱ्यांदा शिरता. व्हिसा त्याला चालेल असाच हवा; एजंटला हे आपणहून सांगा, त्याला सुचेलच असं नाही. मुंबईहून जाताना नैरोबी किंवा अदिस अबाबाला लांबचा थांबा असेल तर पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला मागितला जाऊ शकतो. तिकीट काढण्याआधी ते तपासा, नंतर नाही.

विमा आणि डॉक्टर

आपल्याकडच्या नेहमीच्या प्रवास विम्यात 'वर्ल्डवाइड' लिहिलेलं असतं आणि आतल्या बारीक अक्षरांत अंटार्क्टिका वगळलेली असते. पॉलिसीत 'अंटार्क्टिका' हा शब्द आणि आजारी माणसाला विमानाने हलवण्याचा खर्च, दोन्ही स्पष्ट लिहून घ्या. फोनवरच्या मुलीने 'हो सर, कव्हर आहे' म्हटलं त्याला काही किंमत नाही.

डॉक्टरांच्या आधी दाताच्या डॉक्टरकडे जा. दुखरी दाढ घेऊन तिथे जाणं हा मूर्खपणा आहे, आणि मी सांगते म्हणजे अनुभवाने सांगते. मला लवंगेवर चार दिवस काढावे लागले. रोजची औषधं दुप्पट घ्या आणि दोन वेगळ्या बॅगांत ठेवा. डोळ्यांत थेंब, ओठांना मलम आणि ५० एसपीएफचं सनस्क्रीन. ऊन खालून, बर्फावरून उलटून येतं, म्हणून नाकाच्या खालच्या बाजूला, हनुवटीखाली आणि कानाच्या पाळीमागेही लावायचं. दक्षिणेकडच्या वसंतात तिथल्या ओझोनच्या थराला भोक पडतं, ते नोव्हेंबरातही पुरतं बुजलेलं नसतं. गॉगल कॅटेगरी ४ चा, बाजूने झाकलेला घ्या. रस्त्यावरचा शंभर रुपयांचा काळा गॉगल इथे नसल्यापेक्षा वाईट. काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते आणि अतिनील किरण आणखी आत जातात.

कपडे

वरचं जाड जॅकेट आणि बूट बहुतेक कंपन्या देतात. आतले थर आपले. अंगाला लागून पातळ लोकर (मेरिनो उत्तम), त्यावर फ्लीस, त्यावर पिसांचं जॅकेट, सगळ्यात बाहेर वारा अडवणारं कवच. सुती काहीही नको, बनियनसुद्धा नको. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि मग तेच तुम्हाला गार करतं. तिथे थंडी वाजायला लागण्याच्या आधी घाम येऊ न देणं महत्त्वाचं. चढ लागला की एक थर काढायचा, थांबलं की लगेच चढवायचा. आळस केलात तर तासाभराने हुडहुडी.

मोज्यांच्या बाबतीत सगळे फसतात. 'थंडी आहे, दोन जोड घालू' म्हणून पाय बुटात कोंबला की रक्त नीट फिरत नाही आणि बोटं बधिर होतात. एकच जाड लोकरी मोजा घाला, पण बुटात बोटं हलली पाहिजेत. हातांना मात्र दोन थर: आत पातळ हातमोजा, बाहेर चारही बोटं एकत्र मावणारा जाड मिटन. कॅमेऱ्याचं बटण पातळ हातमोज्यानेच दाबायचं, उघड्या बोटांनी धातूला हात लावायचा नाही. बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. घुमटात शिरण्याआधी कॅमेरा बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करायचा, म्हणजे दव पिशवीवर धरेल, भिंगावर नाही.

केपटाऊन : बुटांची झडती

निघण्याच्या निदान दोन-तीन दिवस आधी केपटाऊनला पोचा. तिथे माहितीची बैठक होते, सामान तपासतात, वजन करतात. या तपासणीला मी 'कस्टमसारखं काहीतरी' समजून गेले होते. माझे ट्रेकचे बूट मी पुण्यातच घासून घेतले होते, तळवे चकचकीत होते. तपासणाऱ्या बाईंनी बुटाकडे पाहिलंही नाही. त्यांनी मोजे मागितले. मोजा हातात घालून उलटा केला आणि दिव्याखाली धरला. लोकरीत कुसळं. सात-आठ असतील. पावसाळ्यानंतर सह्याद्रीत फिरणाऱ्या कुणालाही ही कुसळं माहीत असतात. धुतली तरी निघत नाहीत. त्यांनी चिमट्याने एकेक ओढून काढलं, पुडीत घातलं आणि मग गेटरच्या (बुटावरून नडगीला बांधायच्या आवरणाच्या) वेल्क्रोत सुई फिरवायला लागल्या. तिथूनही गवताचं बी निघालं. बॅगेचे कोपरे, जॅकेटचे खिसे, सगळीकडे व्हॅक्यूम क्लीनर फिरला. पाऊण तास लागला. मागे रांग होती आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हे सगळं कशासाठी, तर अंटार्क्टिकात बाहेरचं बी, माती, कीटक नेण्याला १९९१ च्या माद्रिद प्रोटोकॉलने, म्हणजे तिथल्या पर्यावरण रक्षणाच्या कराराने, बंदी आहे. शिरमाकरसारख्या उघड्या खडकावर, उन्हाळ्यात पाणी वाहतं तिथे, एखादं चिवट गवत रुजू शकतं. तेव्हा जुने मोजे नेऊच नका, नवे घ्या. वेल्क्रो घरीच सुईने साफ करा. आईने पाकिटात ठेवलेल्या तुळशीच्या मंजिऱ्या, अक्षता, शेतातली माती असलेली पुडी, सगळं घरी. पोचल्यावर नारळ वाढवायची हौस असेल तर केपटाऊनलाच भागवा. ड्रोनही घरीच राहू दे.

उड्डाण

केपटाऊनहून जेट विमानाला पाच-साडेपाच तास लागतात. विमान निघेल ती वेळ म्हणजे शब्द नाही, अंदाज आहे. बर्फावर ढग उतरले की जमीन आणि आभाळ एकच पांढरं होतं, याला व्हाइटआउट म्हणतात. अशा वेळी वैमानिकाला उंची कळत नाही. मग एक दिवस थांबा, दोन दिवस थांबा. परतीचंही तसंच. म्हणून केपटाऊन-मुंबई तिकीट तारीख बदलता येईल असं घ्या आणि मागे चार दिवस मोकळे ठेवा. परतल्याच्या दुसऱ्या दिवशी घरचं लग्न असेल तर जाऊच नका.

विमान उतरतं ते निळ्या बर्फावर. वाऱ्याने भुसभुशीत बर्फ उडून गेलेला, खालचा शतकानुशतकं दाबला गेलेला, हवेचे बुडबुडे निघून गेलेला बर्फ म्हणजे निळा बर्फ. तो इतका टणक की चाकांचं विमान उतरतं. वुल्फ्स फँग नावाची अशी ३ किलोमीटर लांबीची धावपट्टी आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथे एअरबस ए-३४० हे विमान पहिल्यांदा उतरलं. ब्रेकवर फारशी भिस्त नसते, इंजिनांचा झोत उलटवून वेग कमी करतात. चाकं टेकल्यावर विमान बराच वेळ धावत राहतं, घाबरू नका. दार उघडण्याआधी गॉगल डोळ्यांवर हवा. आणि शिडीवरून उतरताना टाच आधी टेकवू नका, अख्खं पाऊल सपाट ठेवा. पहिल्या दहा पावलांत कुणीतरी पडतंच.

पुढचा साधारण अर्ध्या तासाचा टप्पा बासलर बीटी-६७ विमानाने. हे म्हणजे जुनं डाकोटाच, नवी टर्बोप्रॉप इंजिनं आणि खाली स्की बसवलेलं. १९४७ च्या ऑक्टोबरात भारतीय जवान श्रीनगरला उतरले ते याच जातीच्या विमानांतून. खिडकीशी बसून हे आठवलं आणि शेजारच्या जर्मन काकांना सांगावंसं वाटलं, पण इंजिनांच्या आवाजात काही ऐकू जाईना.

कॅम्पवर राहणं

घुमट उबदार असतात. पलंग, जाड रजई, टेबल, खिडकीतून तळं. जेवणाचा घुमट वेगळा, बैठकीचा वेगळा. मधल्या जागेत फक्त रात्रीचे कपडे घालून धावत जाण्याचा मोह होतो, तो आवरा.

रात्र मात्र नसतेच. नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीच्या उत्तरार्धापर्यंत तिथे सूर्य मावळत नाही. मध्यरात्री खिडकीत चार वाजल्यासारखं ऊन. डोळ्यांवर बांधायची पट्टी न्या आणि घड्याळ बघून झोपा. पहिल्या दोन दिवसांत झोपेचं खोबरं झालं की उरलेली सहल डुलक्या काढण्यात जाते.

पाणी भरपूर दिसतं, पण वापरायचं पाणी गरम करायला इंधन लागतं. अंघोळ दोन-तीन मिनिटांत, साबण लावताना नळ बंद. बादलीत अंघोळ करत मोठे झालेल्यांना हे कळतं. हॉटेलच्या शॉवरखाली वाढलेल्या पोरांना सांगावं लागतं.

आता संडास. कॅम्पवर नीट, स्वच्छ, आडोशाचे असतात. तिथला सगळा मैला साठवून खंडाबाहेर नेतात, म्हणून त्यात कागदाशिवाय काहीही टाकायचं नाही. दिवसभराच्या फेरीवर मात्र 'जरा पलीकडे जाऊन येतो' हा प्रकारच नाही. लघवीसाठी बाटली असते, दुसऱ्यासाठी पिशवी, आणि दोन्ही परत आणायच्या. बायकांसाठी फनेल मिळतं. ते घरी न्हाणीघरात दोन-चारदा वापरून बघा, कारण चार थर कपडे घालून वाऱ्यात पहिला प्रयोग करणं शहाणपणाचं नाही. पाळीचं सामान पुरेसं न्या, वापरलेलं बंद पिशवीत परत. लाजून पाणी कमी पिऊ नका. हवा इतकी कोरडी असते की तहान कळत नाही आणि डोकं दुखायला लागतं.

जेवण उत्तम, शेफच्या हातचं. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळी लेखी कळवा, आणि नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहू नका. अंडं चालतं की नाही, मासे नाहीत, मांसाचं सूप नाही, जैन असाल तर कांदा-लसूण-बटाटा नाही, हे सगळं लिहा. केपटाऊनहून विमान उडाल्यावर शेफच्या हातात जे आहे ते आहे. तिखटासाठी चटणी किंवा लोणच्याची कारखान्यात सीलबंद केलेली छोटी पाकिटं चालतात का ते आधी विचारून ठेवा. घरचं सुटं, पुडीत बांधलेलं, तीळ सांडणारं काही नको.

बाहेर पडताना

गाइडच्या मागे, त्याच्या पावलांवर. हे ऐकायला शाळेच्या सहलीसारखं वाटतं, पण वरून सपाट दिसणाऱ्या बर्फाखाली भेगा असतात आणि त्यावर हिमाचा पातळ पूल. झेंड्यांनी आखलेल्या वाटेबाहेर फोटोसाठीसुद्धा पाऊल टाकायचं नाही. क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे अणकुचीदार लोखंडी दाते) लावून चालताना पाय जरा फाकवून टाका, नाहीतर टोकं आपल्याच पँटमध्ये अडकतात. नव्यांची निम्मी पडझड तिथूनच होते.

पेंग्विनसाठी अटका उपसागराला जावं लागतं. ते वेगळं, लांबचं उड्डाण, तिथे समुद्राच्या गोठलेल्या पृष्ठभागावर हजारोंची वसाहत असते. नियम ५ मीटर अंतराचा. पेंग्विनला तो माहीत नसतो, तो चालत तुमच्यापाशी येतो. तेव्हा गप उभं राहायचं, वाटेत आला असाल तर हळूच बाजूला व्हायचं. बर्ड फ्लू २०२४ मध्ये अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर सापडल्यापासून प्राण्यांजवळ बसायचं, गुडघे टेकायचं, बॅग खाली ठेवायची नाही. पूर्वीचे पोटावर झोपून काढलेले फोटो बघून तसा बेत आखू नका. वसाहतीचा वास आधी येतो, मग आवाज, मग दिसते. ससून डॉकवर सकाळी गेला असाल तर वासाला बिचकणार नाही.

दक्षिण ध्रुवाचं उड्डाण घेणार असाल तर तो २८३५ मीटरवर आहे हे विसरू नका, आणि ध्रुवाजवळ हवेचा दाब कमी असल्याने शरीराला ती उंची आणखी जास्त वाटते. हळू चाला. तिथला बर्फ वर्षाला सुमारे १० मीटर सरकतो, म्हणून ध्रुवाची खूण दर वर्षी १ जानेवारीला नव्याने रोवतात. डिसेंबरात ज्या खांबाला हात लावून फोटो काढाल, तो ध्रुवापासून दहाएक मीटर बाजूला सरकलेला असेल. माझ्या मते पैसे मोजकेच असतील तर ध्रुव सोडा आणि पेंग्विन घ्या. पण ध्रुवाचं वेड असलेल्या माणसाला हे सांगून उपयोग नसतो.

निघताना

शेवटच्या दिवशी सामान भरण्याआधी बूट काढून दाराशी उलटे आपटा. शिरमाकरची वाळू आणि खडे तळव्यांच्या खाचांत बसलेले असतात, तेही तिथेच राहिले पाहिजेत. खडा आठवण म्हणून खिशात टाकायला परवानगी नाही. माझ्या डाव्या बुटात वाटाण्याएवढा एक काळा खडा रुतला होता. चमच्याच्या दांड्याने उकरून काढला, तळ्याच्या काठावर ठेवला आणि विमानाची वाट बघत बसले. ते दुसऱ्या दिवशी आलं.